हीटरचं मामांना विचारून सांग

६ नोव्हेंबर

मामा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, हा आणि पत्र! शाळेत निबंधाच्या दिवशी माझं पोट दुखायचं, हे तुमच्याच गॅरेजमध्ये मी फुशारकीनं सांगितलेलं आहे. पण इलाज नाही. इंजिनं ऐकून ऐकून तुमचे कान गेले. मागच्या खेपेला मी इकडून ओरडतोय, तुम्ही तिकडून "हां बोल, बोल" करताय, शेवटी शेजारच्या खोलीतल्यानं भिंत बडवली. आणि तुमच्या घरातला दुसरा फोन माझा नंबर घेत नाही.

म्हणून कागद. तुमचा चष्मा नेहमीसारखा कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहिला असेल, तेव्हा हे वाचून दाखवायचं काम कुणाकडे जाणार ते मला माहीत आहे. तुमच्या मुलीकडे. वाचणाऱ्या व्यक्तीला माझी खुशाली नको असेल तर तिनं पुढची ओळ गाळावी. मी बरा आहे.

आता काम. इथं मी म्हाताऱ्या माणसांची व्हॅन चालवतो. सकाळी एकेकाच्या दारातून त्यांना उचलायचं, दिवसभर बसायच्या हॉलवर सोडायचं, संध्याकाळी पुन्हा घरोघर. थंडी अशी पडलीय की दाराच्या कडीला ओला हात लागला तर चिकटून बसतो. आणि व्हॅनचा हीटर गार हवा टाकतोय. पंखा जोरात, आवाज विमानासारखा, पण हवा गार. मागं सगळे कोंबड्यांसारखे अंग फुगवून बसतात. त्यात एक पिशवीवाली आजी आहे. मांडीवर कायम कापडी पिशवी, आत काय असतं देव जाणे. ती माझ्या खांद्यावर टकटक करून म्हणते, "ड्रायव्हर, तुझा हा पंखा बंद कर आणि काच उघड. बाहेरचं वारं याच्यापेक्षा बरं." इथली भाषा मला अर्धीमुर्धीच येते, पण टोमणा कुठल्याही भाषेत कळतो.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना जाड कपडे घालायला सांग." व्हॅन कंपनीच्या वर्कशॉपला गेली की तिकडंच लोळत पडते, आणि ड्रायव्हरला गोदामात खोकी उचलायला धाडतात. गोदाम मी करून आलोय, त्याआधी गाड्या धुवायचं पण करून आलोय. पुन्हा नको. म्हणालो, मीच बघतो, मी काही ऐऱ्यागैऱ्याच्या हाताखाली शिकलेलो नाही.

बाकी गाडी चांगली आहे. उन्हाळ्यात हॉलच्या चढावर तापायची, ते मी तेव्हाच बघून टाकलं. मालक खूश झाला होता.

आपल्याकडे हीटर कुणी लावतच नाही, म्हणून त्याला मी कधी हात घातला नाही. सुरुवात कुठून करू? वाचणाऱ्या व्यक्तीनं कृपा करून मामांना विचारून सांगावं.

खोली ठीक आहे. एक वेल्डर आणि मी, दोघांत एक पलंग. त्याची रात्रपाळी. मी संध्याकाळी येतो तेव्हा तो नुकताच गेलेला असतो. अंथरुणात त्याची ऊब असते. त्याचं तोंड मी नीट बघितलेलं नाही, पण त्याच्या डोक्यानं उशीत पाडलेला खड्डा मला पाठ झालाय.

तुमचा,
जावई म्हणा नाहीतर चेला म्हणा, सध्या जे चालत असेल ते


२९ नोव्हेंबर

मामा,

उत्तर आलं. वेल्डरनं ते उशीवर ठेवलं होतं, त्या खड्ड्यात. मी बूट न काढता वाचलं.

"बाबा म्हणतात, आधी पाणी बघ. बाबा म्हणतात, गरम-गार करायची झडप डॅशबोर्डच्या आत असते, तिची केबल निसटली असेल. बाबा म्हणतात, इंजिन चालू ठेवून हीटरच्या दोन्ही पाइपांना हात लाव, एक गरम आणि एक गार लागला तर आत कचरा अडकलाय." सगळं असंच. प्रत्येक वाक्याला बाबा म्हणतात. कोर्टात साक्ष दिल्यासारखं. पाकिटावर माझा पत्ताही बाबांनीच म्हटला असणार.

केलं सगळं. पाणी काठोकाठ आहे. केबल जागेवर आहे, झडप खटकन पडते. पाइपांना हात लावला तर दोन्ही सारखेच, कोमट. आंघोळीला असं पाणी दिलं तर तुम्ही बादली उलटी कराल. इंजिनच्या तापमानाचा काटा कुठं असतो म्हणाल तर एकदम खाली, तुम्हाला आवडतो तसा. काटा खाली तर गिऱ्हाईक खूश, हे तुमचं मी विसरलेलो नाही.

आता पुढं काय बघू?

मामा, हे पुढचं वाचून दाखवायचं की नाही ते वाचणारीचं तिनं ठरवावं. पहिलं साल संपलं तेव्हा मालकानं नवा कागद पुढं सरकवला, वर पेनही दिलं. मी सही केली आणि मग तिला फोन करून सांगितलं की एक साल वाढवलंय. पलीकडे बराच वेळ नुसता गॅरेजचा आवाज येत होता. मग एवढंच आलं, "मग तिथंच राहा." मला वाटलं राग आहे, उतरेल. तो काही उतरला नाही.

मी तिथं होतो तेव्हा रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रक मला हाक मारायचा. इथं कुठलाच मारत नाही. पायाला भिंगरी आहे म्हणायचात ना तुम्ही, ती इथल्या बर्फात रुतली बहुतेक.

गॅरेजमध्ये आपण तिला दहा-अकरा म्हणायचो. तुम्ही हात मागं करायच्या आत दहा-अकराचा पाना तिच्या हातातून तुमच्या हातात आलेला असायचा. गाडीखाली झोपलेल्या माणसाला काय हवंय ते तिला पायांवरून कळायचं. हे काही कामाचं नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

तुमचा


२१ डिसेंबर

मामा,

"बाबा म्हणतात, पाण्यात हवा धरली आहे. गाडीचं तोंड चढावर वर कर, रेडिएटरचं झाकण उघड, इंजिन चालू ठेव आणि बुडबुडे थांबेपर्यंत बघत बस."

रविवारी व्हॅन चढावर नेऊन तोंड आभाळाकडे करून लावली. झाकण उघडून बसलो. दोनचार बुडबुडे आले आणि संपले. मी पुढंही बराच वेळ बघत होतो. एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, त्यानं विचारलं, "काय वाट बघतोयस?" मी म्हणालो, बुडबुड्याची. तो हसला आणि कुत्र्याला काहीतरी सांगत गेला. आठवड्याभरात माझ्याशी स्वतःहून बोललेला तोच एक माणूस, म्हणून सांगतोय.

हीटर गारच. आणि आता मस्करी राहिलेली नाही. पिशवीवाली आजी चार दिवस खोकत होती. काल मी तिच्या दारात हॉर्न दिला तर तिची सून बाहेर आली आणि म्हणाली, "आई आजपासून येणार नाहीत. तुमच्या गाडीत बसून छाती भरली त्यांची." मी म्हणालो, हीटरचं काम चालू आहे. ती म्हणाली, "कधीपासून?" दार लावून घेतलं तिनं. तिची जागा माझ्या बरोबर मागची. आता आरशात नुसती सीट दिसते.

मामा, लवकर काहीतरी सांगा. उरलेल्यांतलं कुणी असं पडलं तर मालकानं काढायच्या आधी मीच गाडी सोडेन.

एक विचारायचंय. पत्राच्या कडेला ग्रीसचा अंगठा उमटलाय. आधीच्या पत्रावरही होता, मला वाटलं तुमचा. आज शेजारी माझा ठेवून बघितला. तुमचा अंगठा माझ्या दीडपट आहे मामा, आणि हा माझ्या निम्मा. गाड्या कोण उघडतंय तिथं?

मालकानं पुन्हा कागद दिलाय. आणखी एका सालाचा. जानेवारी सरायच्या आत हो की नाही सांग म्हणाला. या वेळीही पेन दिलं होतं, मी ते परत केलं.

तुमचा


२ जानेवारी

मामा,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहितोय, नियमात बसत नसेल तर नसू दे.

हॉलला सुट्टी होती. सकाळी सवयीनं उठलो, व्हॅनवरचा बर्फ खरवडला, मग आठवलं की कुणालाच आणायचं नाही. तरी एक फेरी मारली. प्रत्येकाच्या दारासमोर हळू केली आणि पुढं नेली. पिशवीवाल्या आजीच्या घरात दिवा होता. हॉर्न देणार होतो, नाही दिला.

खोलीवर आलो तर वेल्डर! त्यालाही सुट्टी. पहिल्यांदाच नीट समोर आला. माझ्यापेक्षा वयानं लहान आहे. एकमेकांना "बस ना", "नाही, तू बस" करत राहिलो. पलंग एक, माणसं दोन. मग तो म्हणाला, "तू झोपेत बोलतोस का रे? उशीला बोलल्याचा वास येतो." हसलो आम्ही. मग तो बाहेर निघून गेला, मला जागा करून द्यायला. मी पण बाहेर पडलो, त्याला जागा करून द्यायला. खोली दिवसभर रिकामी होती.

बाकी काही नाही. हवा गार आहे.

तुमचा


१६ जानेवारी

(हा कागद मामांना मोठ्यानं वाचून दाखवायचा.)

मामा,

हवाच होती! तुम्ही सांगितलंत तसं गाडीचं तोंड वर करून पुन्हा काढली, या वेळी घाई न करता, आणि हीटर भट्टीसारखा तापला. म्हातारे मफलर सोडून बसतात. मालकानं विचारलं, "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, माझ्या सासऱ्यांनी, इथं न येता. तो म्हणाला, "मग त्यांनाच बोलवून घेऊ." मी म्हणालो, तुम्हाला झेपायचे नाहीत.

तब्येत सांभाळा. खुर्ची उन्हात घ्या. पाना हातात घेतल्याशिवाय करमत नसेल तर नुसता धरून बसा.

तुमचा चेला


(हा दुसरा कागद वाचून दाखवायचा नाही.)

तुझं पत्र मी वेल्डरच्या उशीवर बसून वाचलं, मग व्हॅनमध्ये बसून वाचलं. पहिल्या वाचनात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. दुसऱ्यांदा कळलं. बाबा एका शब्दानं काही म्हणालेले नव्हते.

"चढावर तापायची ते बघून टाकलंस म्हणजे काय केलंस? थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकलास ना? आपल्याकडे येईल त्या गाडीचा काढतो तसा? काटा खाली आहे म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं. अरे, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा तोच नाही, मग तिथल्या थंडीत पाणी सारखं रेडिएटरमधून फिरून गार होतंय. इंजिनच तापत नाही, तर हीटर काय तुझ्या बोलण्यानं गरम होणार? नवा आणून बसव. बाबांना हे सांगितलेलं नाही. जन्मभर त्यांनी व्हॉल्व्ह काढले आणि गाड्या वाचवल्या. हवा धरलीय असं त्यांना वाटतंय, वाटू दे. आणि अंगठा माझा आहे. बाबांचे हात कापतात. ते खुर्चीवर बसून सांगतात, मी करते. गिऱ्हाइकं आता हाक मलाच मारतात."

हो, काढला होता. लपवला नव्हता, खरंच. सांगायचं सुचलंच नाही. गाडी तापते, व्हॉल्व्ह काढायचा, हात पुसायचा. श्वास घेतला असं कुणी पत्रात लिहितं का? तुला मात्र एवढ्या लांबून, मी एका ओळीत उडवून लावलेलं दिसलं.

त्याच दिवशी नवा आणला. दुकानदारानं विचारलं, "जुना खराब झाला?" म्हणालो, जुना नाहीच. तो म्हणाला, "मग एवढी थंडी काढली कशी?" मी म्हणालो, खांद्यावर टकटक ऐकत काढली.

हॉलच्या मागच्या आवारात बसवला. बोटं इतकी बधिर की बोल्ट सुटून बर्फात गेला, तो शोधायला हातमोजे काढले, मग तर काहीच कळेना हात कुठं आणि बर्फ कुठं. पाणी भरलं, इंजिन चालू केलं, बसून राहिलो. आणि काटा उठायला लागला. हळूहळू वर. मध्यावर आला तसा माझा हात आपोआप किल्लीकडे गेला, बंद करायला. तुला आठवतं ना, आपल्याकडे काटा मध्यावर आला की मामा पंखा तुटल्यासारखे धावत यायचे? मी किल्ली धरून बसलो होतो आणि काटा तिथंच थांबला. वर गेला नाही, खाली आला नाही. तेव्हा कळलं, त्याची जागाच ती आहे. मग पायांवर गरम हवा आली. मी बूट काढले. मोजे पण काढले. हसू नकोस.

पिशवीवाली आजी सोमवारपासून परत येते. तिची छाती बरी आहे, सुनेचा राग अजून बरा नाही. पहिल्या दिवशी आजी चढली, बसली, हवेपुढं हात धरला. निम्म्या रस्त्यात टकटक. "ड्रायव्हर, फार गरम होतंय, काच उघड." उघडली मी.

आता तुझ्याबद्दल. मामांचे हात कधीपासून कापतात? मी इथं यायच्या आधीपासून का? मी तिथं असताना कधीतरी त्यांच्या हातातून स्पार्क प्लग पडला होता आणि तू चटकन पायानं झाकला होतास, ते कापणं तेव्हाचंच का? तू एकटी गिअरबॉक्स कसा उतरवतेस? कोण धरतं खालून? अंगावर घेऊ नकोस, जॅकवर लाकूड ठेवून उतरव. म्हणजे तुला माहीतच असेल. मी कुणाला शिकवतोय.

मी साल वाढवलं तेव्हा फोनवर गॅरेजचा आवाज येत होता म्हणून लिहिलं होतं ना. दुपारची ती वेळ मामांची झोपायची. त्या आवाजात पाना चालत होता. तो कोण चालवत होतं हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. मी माझंच सांगून मोकळा झालो.

मालकानं काल पुन्हा विचारलं. कागद टेबलावर तसाच आहे. मी म्हणालो, घरी विचारलं नाही अजून. तो म्हणाला, "मागच्या खेपेला तर जागेवर सही केलीस. तेव्हा घर नव्हतं?" मी म्हणालो, होतं. "मग आता फोन लाव आणि विचार." म्हणालो, फोन लागत नाही, पत्र पाठवतोय. तो म्हणाला, "पत्र! तू कुठल्या जमान्यातला?" महिनाअखेरीच्या पुढं थांबणार नाही म्हणाला, मग दोन शिव्या घातल्या, मग म्हणाला उत्तर येईपर्यंत थांबतो. मी त्याचा हीटर दुरुस्त केलाय, तेवढं त्याला करावं लागलं.

इथं वर जी ओळ गिरमिटून खोडलीय ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करशील, म्हणून सांगूनच टाकतो. तिथं लिहिलं होतं, मी पुढच्या महिन्यात येतोय. लिहून झाल्यावर बराच वेळ छान वाटत होतं. मग वाटलं, हे पुन्हा तेच की. मी ठरवलं आणि तुला कळवलं. सही केली काय आणि तिकीट काढलं काय, तुझ्या कानावर येणार सगळं झाल्यावर. म्हणून खोडलं. तिकीट काढलेलं नाही.

तिथं तुझं आता बस्तान बसलेलं असेल. कुठला पाना कुठं टांगायचा हे तुझ्या हातानं ठरलेलं असेल. गिऱ्हाइकं तुला हाक मारतात, मी आलो की त्यांतली निम्मी माझ्याकडे बघून बोलायला लागतील, ते तुला चालणार नाही आणि चालू पण नये. मी आलो तर तू सांगशील ते करीन, गाडीखाली झोपीन, हात मागं करून थांबीन. ते तुला हवंय का, हे मला माहीत नाही. मामांना विचारू नकोस. ते हो म्हणतील, त्यांना मी आवडतो.

नको असेल तर नको लिही, मी सही करून टाकीन आणि पुन्हा त्यावरून पत्र लिहिणार नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं लिही. पोस्टाला लागतील तेवढे दिवस लागू देत. थांबायची मला सवय नाही, पण इथं दुसरं काही करण्यासारखं नाहीये.

येऊ का?